काळी तीन

गोंदिया, १४ जुलै २०२५

रुक्मा आत्या,

जय भीम. मी रीना, हिरालाल शहारे यांची मुलगी. आपण कधी भेटलो नाही. तुम्ही गाव सोडलंत त्यानंतर दोन वर्षांनी माझा जन्म झाला. तुमचा भिलाईचा पत्ता आईच्या वहीत मिळाला, लग्नपत्रिका पाठवायच्या यादीत. फोन नंबरही होता, पण फोनवर मी अडखळते, आणि हे अर्धवट सांगून चालणार नाही.

मी तुम्हाला न विचारता एक गोष्ट केली आहे. तुमची १९९८ची कॅसेट, 'धुऱ्यावरची माय', मार्चमध्ये यूट्यूबवर टाकली. आठही गाणी.

आमच्याकडे तिची एकच प्रत उरली आहे. तिची टेप एका जागी चुरगळलेली दिसली, म्हणून घाबरून मी ती गावी बाबांच्या कॅसेट डेकवरून लॅपटॉपवर उतरवून घेतली. इथवर माझी चूक नव्हती असं मला वाटतं. मग वाटलं, बाबांच्या गाण्याच्या मंडळातली जुनी दहा-बारा माणसं ऐकतील. आज सकाळपर्यंत एक्केचाळीस हजार लोकांनी ऐकली आहेत.

मी इथे एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रिपोर्टवरचा आकडा दोनदा पाहिल्याशिवाय पुढे सरकवत नाही. सगळे मला त्यावरून हसतात. तीच मी, आणि ज्यांचा आवाज आहे त्यांना एका शब्दानं विचारलं नाही.

लोक काय लिहितात ते तुम्हाला कळायला हवं. आरमोरीच्या एक बाई लिहितात, धानाच्या रोवण्याच्या वेळी त्या फोन शेताच्या धुऱ्यावर ठेवतात, आणि तिसरं गाणं लागलं की चिखलातल्या सगळ्या जणी कंबर सरळ करून उभ्या राहतात. शेतमालक ओरडतो, मग तोही ऐकत उभा राहतो. देवरीचा एक मुलगा पुण्यात नोकरी करतो. त्यानं लिहिलंय, 'भरल्या ढोलीसारखा आवाज. हात मारला तर धान वाजेल.' जवळजवळ सगळे तुमच्या आवाजाच्या जाडीबद्दल लिहितात. आणि अमेरिकेतल्या एका गृहस्थांनी लिहिलं आहे की भाषा कळत नाही, पण त्यांच्या आजीच्या चर्चमध्ये काळ्या बायका अशा गायच्या, आणि त्या गाण्याला ते 'सोल' म्हणतात. मी अर्थ पाहिला. सोल म्हणजे आत्मा. आपण बौद्ध माणसं आत्मा मानत नाही. नुसतं 'धन्यवाद' लिहिलं.

सगळ्यात जास्त लोक एकच विचारतात: ही बाई इतकी वर्षं कुठे होती? याला मी उत्तर दिलेलं नाही. मला माहीतही नाही. तुम्ही आणि बाबा का बोलत नाही, हे आमच्या घरात कोणी सांगत नाही. बाबांनी मला शाळेच्या आधी पेटीवर बसवलं, अक्षरं मी तुमच्या गाण्यांच्या वहीवरून शिकले, पण तुमचं नाव निघालं की ते कालव्यावर फेरी मारायला निघून जातात. त्यांना पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. कालव्यावर त्यांचं काहीही काम नसतं.

गाणी ठेवू की काढू? तुम्ही 'काढ' म्हणालात तर पत्र मिळाल्यापासून तासाभरात काढीन.

तुमची,
रीना


गोंदिया, २५ जुलै २०२५

रुक्मा आत्या,

तुमचं पोस्टकार्ड काल दुपारी मिळालं. 'काढून टाक. तो माहा आवाज नोहे. रुक्मा.' तीन वाजून चाळीस मिनिटांनी वाचलं, चार वाजून दहा मिनिटांनी गाणी काढली.

संध्याकाळपर्यंत पासष्ट लोकांनी विचारलं, काय झालं. आरमोरीच्या बाईंनी लिहिलं, 'ताई, अजून दोन बांध्या रोवायच्या बाकी आहेत, तेवढं तरी थांबायचं होतं.' मी त्यांना लिहिलं की गायिकेची इच्छा आहे. मग एकानं विचारलं, 'त्यांना सांगितलं ना, आम्हाला किती आवडलं?' सांगितलं आहे असं मी कळवलं.

पण तुम्ही कार्डात जे लिहिलंय त्यानं माझा जीव थाऱ्यावर नाही. कारण त्याच दिवशी सकाळी लाखांदूरहून चुन्नीलाल नावाच्या गृहस्थांचा मेसेज आला होता. ते एसटीत कंडक्टर होते. त्यांच्याकडे तीच कॅसेट आहे, आणि ते विचारत होते, 'बाई, आमच्या कॅसेटवर आवाज बारीक आहे, चालही जलद. तुम्ही कॉम्प्युटरवर आवाज जाड केला का? लोकांना फसवू नये.'

मी कॉम्प्युटरवर काही केलेलं नाही. तरी मार्चपासून माझ्याकडेच असलेली आमची कॅसेट घेऊन संघदीपकडे गेले. संघदीप माझा मावसभाऊ, इथे बाजारात त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्या डेकवर ती लावली. चुन्नीलालजी खरं सांगत होते. आवाज बारीक, घाईत असल्यासारखा. माझ्या पेटीवर पाहिलं, तर लॅपटॉपवरचं गाणं तिसऱ्या काळ्या पट्टीत, काळी तीनमध्ये आहे आणि संघदीपच्या डेकवर तेच गाणं एक काळी पट्टी वर, काळी चारमध्ये. एवढा फरक.

म्हणजे आमचा डेक हळू चालतो. म्हणजे एक्केचाळीस हजार लोकांनी ज्या आवाजाचं कौतुक केलं तो आवाज तुमचा नाहीच, आमच्या बिघडलेल्या मोटरचा आहे. आरमोरीच्या बायका मोटरसाठी उभ्या राहत होत्या. तुम्ही 'माहा आवाज नोहे' म्हणालात ते बरोबर होतं, आणि मी तुमच्या नावावर खोटं खपवलं. रिपोर्टवर दुसऱ्याच पेशंटचं रक्त लिहावं तसं हे आहे.

संघदीप म्हणाला, "एवढी कायले रडून राहिली? डेक घेऊन ये, दोन मिनिटांत नीट करतो."

मी गावी आईला फोन केला. बाबा घरी नसताना तिनं डेक बसमधून पाठवला. संघदीपनं मागचं झाकण उघडलं आणि हसणं थांबवलं. मोटरला वेग कमीजास्त करायचा बारीक स्क्रू असतो. तो फिरवलेला होता आणि वर लाखेचा थेंब टाकून पक्का केला होता.

"रीना, हे बिघडलेलं नोहे," तो म्हणाला. "हे कोणीतरी मुद्दाम केलं आहे. आणि ज्यानं केलं त्याले काम येते."

आमच्या घरात लाख वापरणारा एकच माणूस आहे. पेटीच्या फळ्या ते स्वतः चिकटवतात.

गाणी वर टाकल्याचंही बाबांना मी अजून सांगितलेलं नाही. हे मागच्या पत्रात मी लपवलं. परवा रविवारी गावी जाते आहे.

रीना


गावाहून, २७ जुलै २०२५

रुक्मा आत्या,

आज जे झालं ते आजच लिहिते, म्हणजे शब्द बदलणार नाहीत.

बाबा ओसरीवर पेटीचा भाता पुसत बसले होते. मी डेक त्यांच्यासमोर ठेवला, आधी यूट्यूबचं सगळं सांगितलं, मग स्क्रूचं विचारलं. यूट्यूब बाजूला ठेवून त्यांनी विचारलं,

"झाकन कोणं उघडलं?"

"संघदीपनं."

"त्याले किती खेपा सांगितलं, माह्या डेकले हात नोको लावू."

आतून आई म्हणाली, "आता सांगून टाका बाप्पा. सत्तावीस वर्षं झाली. लाख वाळली असन."

मग त्यांनी सांगितलं. त्यातलं अर्धं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. बुद्ध पौर्णिमेला विहारात सगळ्या गावासमोर कॅसेट पहिल्यांदा वाजली. आवाज चिमणीसारखा निघाला आणि लोक हसले. तुम्ही उभ्या राहून म्हणालात, हा माझा आवाज नाही. आणि बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "मशीन खोटं बोलत नाही. तूच गातानी घाबरली असशील." तुम्ही दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं गेलात.

आता तुम्हाला माहीत नसलेलं अर्धं. पुढच्या वर्षी एकदा बाबा घरी एकटे होते. त्यांनी कॅसेट लावली आणि बरोबर पेटी धरली, स्वतःचीच साथ पुन्हा वाजवावी म्हणून. पेटी जुळेना. कॅसेटवरची पेटी काळी चारमध्ये वाजत होती.

"आणि मी रुक्मीचं एकही गाणं काळी चारमध्ये वाजवलं नाही. कधीच नाही," ते म्हणाले. "लहानपणापासून तिचा घसा काळी तीनचा. माही बोटं दुसरीकडे जातच नाही. तवा समजलं. रेकॉर्डिंगच्या दिवशी लाइट गेली होती, जनरेटर धापा टाकून राहिला होता. मशीन हळू फिरलं, अन् हळू भरलेलं गाणं घरी बरोबर चालीनं वाजवलं का वरच चढन. तिनं सांगितलं ते खरं होतं. खोटा मी."

मग त्यांनी डेक उघडला, पेटी मांडीवर घेतली, काळी तीन दाबून धरली आणि कॅसेटमधली पेटी खाली उतरून तिच्याशी जुळेपर्यंत स्क्रू फिरवला. वर लाख टाकली. आत्या, बिघाड मोटरमध्ये नव्हता. आमचा डेक तेवढा खरा होता. आरमोरीच्या बायका तुमच्याच आवाजासाठी उभ्या राहत होत्या. हे वाक्य लिहिताना मला किती मोकळं वाटतंय ते सांगता येणार नाही.

मी विचारलं, "मग आत्याला कळवलं काऊन नाही?"

"कोणत्या तोंडानं? सगळ्यांपुढं बोललो होतो." मग भाता पुन्हा पुसायला घेत म्हणाले, "मनलं, डेक नीट करून ठेवतो. आली कधी, तर लावून देईन. बोलायची गरज पडणार नाही."

म्हणून त्या डेकला कोणाला हात लावू देत नव्हते.

मी म्हटलं, आता तरी दोन ओळी लिहा. ते म्हणाले, तू लिव, मी सांगतो. त्यांनी सांगितलं ते असं:

'रुक्मे, मशीन खोटं बोललं. — नोको, मशीनवर काऊन ढकलू, खोड ते. लिव, मी खोटं बोललो. — खोटं नाही, तवा मले ठाऊक नव्हतं. हेही खोड. लिव, लोक हसले म्हणून मले राग आला अन् तो तुह्यावर काढला. — हे तं खोडच. लिव, तुहा घसा काळी तीनचा. मले समजाले एक वर्ष लागलं.'

शेवटचं वाक्य खोडायला त्यांनी सांगितलं नाही. बाकीचंही मी खोडलेलं नाही, कारण त्यातलं कोणतं खरं हे ठरवण्याचा अधिकार माझा नाही.

पत्रासोबत पेनड्राइव्ह पाठवते आहे. टीव्हीच्या मागे लावलात तर वाजेल. गाणी परत टाकण्यासाठी हा माझा डाव आहे असं समजू नका. तुम्ही नाही म्हणालात तर नाहीच. फक्त एकदा ऐका.

रीना


भिलाई, ११ ऑगस्ट

रीना,

जय भीम. पहिली गोष्ट, मले तुम्ही-तुम्ही कायले करतेस? मी काय तहसीलदार हाओ? हिराची पोट्टी तू, तू म्हन.

तुही डबी टीव्हीले लावली. टीव्हीवर काळं आलं, चित्र नाही. मनलं बिघडली. मंग त्या काळ्यातून मी गायले लागली. मी खाटेवर बसून गेली.

शेजारची सुखवंता भाजी घेऊन आली होती. विचारते, "दीदी, ये कौन गा रही है?" मी मनलं, "मैं." ती म्हणे, "झूठ." पंचवीस वर्षांपासून शेजारीण, तिले मी कधी सांगितलंच नव्हतं. मंग मी तिच्यापुढं गाऊन दाखवली. ती भाजी हातात घेऊन तशीच उभी. तुह्या त्या आरमोरीच्या बाया असतील तशी.

पहिलं कार्ड मी रागात लिवलं. कॅसेटचं नाव वाचलं अन् मले विहारातलं हसणंच आयकू आलं. तुवा टाकलेली गाणी आयकलीच नव्हती. मले वाटलं तीच चिमणी तुवा दुनियेले आयकवली.

हिराचं सगळं वाचलं. खोड-खोड म्हणलेलं जास्त बरं वाटलं. तुवा नाही खोडलं ते चांगलं केलं. त्याले सांगजो, सहाव्या गाण्यात अंतऱ्याले तो तवाही चुकला होता, ते काही जनरेटरचं काम नोहे.

गाणी टाक. पण अशी नोको टाकू. माह्या कानाले आवाज केसभर उतरलेला वाटते. हिरानं स्क्रू जरा जास्तच फिरवला. रविवारी सकाळी दहाले फोन लाव. डेक अन् पेटी समोर पायजे. मी इकडून सा लावते, त्यानं तिकडं स्क्रू फिरवावा. तिथं दुसरं बोलायचं काम नाही.

अन् त्या अमेरिकेच्या मानसाले लिव, आत्मा-बित्मा आमच्यात नाही. घसा आहे.

रुक्मा


गावाहून, १८ ऑगस्ट २०२५

आत्या,

जय भीम. तू म्हणायला सांगितलंस म्हणून म्हणते; हात अजून थोडा बिचकतो.

गाणी काल संध्याकाळी परत वर गेली. खाली मी सगळं खरं लिहिलं: रेकॉर्डिंगच्या दिवशी मशीन हळू चाललं, मूळ कॅसेटवर आवाज वर चढला, हा आवाज गायिकेनं आणि तिच्या भावानं मिळून जुळवला आहे. गायन रुक्मा शहारे, पेटी हिरालाल शहारे. सहाव्या गाण्याचं लिहिलं नाही. बाबांनी विनंती केली.

रात्र उलटायच्या आत आरमोरीच्या बाईंचं आलं: रोवणा आटोपला, आता निंदणाला लावू. अमेरिकेच्या गृहस्थांना तुझा निरोप शब्दशः कळवला. त्यांनी लिहिलं, ही बाई म्हणते ते मला पटलं, घशालाच आम्ही सोल म्हणत असू. चुन्नीलालजींना मी स्वतः फोन केला, त्यांच्यामुळे सगळं उघड झालं म्हणून आभार मानले. ते म्हणाले, "तुमचं खरं असेल बाई. पण मी सत्तावीस वर्षं आपल्या चिमणीवरच जीव लावला आहे. मी तीच ऐकीन." मला आधी वाटलं त्यांना समजवावं. मग वाटलं, कशाला.

आता कालच्या सकाळचं. फोनवर तुला नुसते आवाज ऐकू येत होते. इकडे काय चाललं होतं ते तुला दिसलं नाही, म्हणून लिहिते.

बाबा आठ वाजताच आंघोळ करून पांढरा सदरा घालून बसले होते. आई म्हणाली, "फोनले दिसते का तुमचा सदरा?" त्यांनी ऐकलं नाही. लाखेचा थेंब त्यांनी चाकूच्या टोकानं स्वतः काढला. मी सवयीप्रमाणे, स्क्रूची खाच जिथे होती तिथे मोटरवर पेन्सिलनं बारीक रेघ मारून ठेवली, काही बिघडलं तर परत लावता यावं म्हणून.

तू सा लावलास. स्पीकरवरून तो पहिल्यांदा आला तेव्हा बाबांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला. ठण् आवाज तुला ऐकू आला असेल. तू विचारलंस, "काय पडलं गा?" आणि ते म्हणाले, "काही नाही. तू लाव." सत्तावीस वर्षांनी तुमचं पहिलं बोलणं ते.

मग मी कॅसेट लावली आणि तू म्हणालीस, "वर." त्यांनी फिरवला. "अजून जरासा." अजून फिरवला. "आता जास्त झाला. खाली घे." ते म्हणाले, "एवढा?" तू म्हणालीस, "नाही, तेवढा नाही. तुही घाई अजून गेली नाही." ते हसले. मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. आवाज न करता, खांदे हलवत. आई दारात उभी होती, ती आत निघून गेली. वर, खाली, थांब, जरासं वर, नाही, खाली. मी घड्याळ पाहिलं नाही. शेवटी तू म्हणालीस, "बस. आता मी हाओ." बाबा म्हणाले, "हो. तूच." आणि मग फोन मात्र कोणी ठेवला नाही. तिकडे तुझ्या कुकरची शिट्टी झाली, इकडे म्हैस ओरडली, तरी नाही.

बाबा उठून लाख गरम करायला गेले तेव्हा मी डेकमध्ये पाहिलं. स्क्रूची खाच माझ्या पेन्सिलच्या रेघेसमोर होती. केसभरही इकडे-तिकडे नाही.

मी दुसऱ्यांदा पाहिलं. मग बोटानं रेघ पुसून टाकली. बाबांना सांगितलं नाही. तुला हे आधीच माहीत होतं का, तेही मी विचारत नाही.

तुझी,
रीना